अण्णांचं गाव ते नव्हे, पोरी

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मॉक इंटरव्ह्यूत मी सरळ यवतमाळ सांगून टाकलं. राळेगाव म्हटलं की समजावत बसावं लागतं." तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात होतं. फोनवर तुझ्या रूममेट्स आजूबाजूला असतात, म्हणून लिहूनच काढते.

समजावावं लागतं, हे खरंच आहे. इकडे पुण्यात राळेगाव म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "अच्छा, अण्णा हजारेंचं!" अण्णांचं राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात, अर्धा महाराष्ट्र ओलांडून पलीकडे. पण बाई, समोरचा स्वतःहून चुकतो आणि बोलायचा विषय आयता तुझ्या हाती देतो, तर तो सोडायचा कशाला? हसून सांगायचं, "नाही सर, ते राळेगण. आमचं राळेगाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडे, कापसाच्या पट्ट्यात." मग पुढचा प्रश्न नदीवर येईल, कापसावर येईल, नाहीतर वाघिणीवर. तिन्ही ठिकाणी त्या खोलीत तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. यवतमाळ म्हटलंस, की प्रश्न शेतकरी आत्महत्यांवर जातो, आणि तिथे समोरच्याचं मत तू तोंड उघडायच्या आधीच पक्कं झालेलं असतं.

कंपनीकडून मी कॅम्पसला मुलाखती घ्यायला जाते, तेव्हा एक वाक्य इतक्यांदा ऐकते की कान किटले. "मला माझ्या गावाचा आणि शाळेचा खूप अभिमान आहे." ठीक आहे, आहे. मग? गावात काय पिकतं, पाणी कुठून येतं, पोरं शिकायला कुठं जातात, असं विचारलं की गडी गप्प. अभिमान मनात असू दे, तोंडात माहिती पाहिजे.

तुझंच बघ. घरी दरवर्षी पऱ्हाटी. मग कापसाचा हमीभाव किती, हा प्रश्न तुला येणारच. 2025-26 च्या हंगामाला केंद्रानं मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7710 आणि लांब धाग्याला 8110 रुपये जाहीर केले. एवढं कुणीही मोबाइलवर बघून सांगेल. तुला सांगता यायला हवं ते त्याच्या पुढचं. भाव जाहीर झाला तरी बाबांनी माल व्यापाऱ्याला का घातला? सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापसातला ओलावा मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि 12 च्या वर गेला की माल परत. पहिल्या वेच्याचा कापूस दवानं ओला असतो. तो वाळवून ठेवायचा तर जागा लागते, आणि आपल्याकडे जागा म्हणजे झोपायची खोली. तू लहानपणी त्या ढिगावर उड्या मारायचीस आणि रात्रभर अंग खाजवत बसायचीस, आठवतं? त्यात दिवाळीची उधारी डोक्यावर. पडेल त्या भावात माल जातो तो असा. हे तू दोन मिनिटांत, रडगाणं न लावता सांगितलंस, तर समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकेल. शेतमालाच्या अर्थकारणावर याहून चांगलं उत्तर एमबीएच्या पोरांकडूनही मी फारसं ऐकलेलं नाही.

वाघिणीचं जरा जपून. टी-वन, वर्तमानपत्रांची अवनी. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री आपल्याच तालुक्यात, बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावले होते, आणि मागे तिचे दोन बछडे होते. देशभर केवढा गदारोळ झाला! शहरात मेणबत्त्या लागल्या, मंत्र्यांचे राजीनामे मागितले गेले. आपल्याकडे त्या वर्षी ऐन वेचणीच्या दिवसांत बायका एकट्यादुकट्या शेतात जायला तयार नव्हत्या, हे मात्र कुणाच्या फारसं कानावर गेलं नाही. "मारायला हवी होती का?" असं विचारलं तर चटकन हो किंवा नाही म्हणू नकोस. आधी गावाची भीती सांग. मग हेही सांग की जंगलाच्या कडेकडेनं शेती आणि चराई वाढत गेली, वाघाला जागा उरली नाही, बेशुद्ध करून पकडायचे प्रयत्न फसले, आणि रात्री गोळी घालण्याच्या पद्धतीवर जे आक्षेप घेतले गेले ते काही उगाच नव्हते. शेवटी तुझं मत दे. ते पॅनेलला पटलं नाही तरी चालतं. दोन्ही बाजू ठाऊक असून तू उभी कुठे राहतेस, एवढंच ते बघतात.

नदीबद्दल एक गोष्ट ठेव खिशात. वर्धा नदी आज दोन जिल्ह्यांची हद्द आहे, पण एके काळी ती निजामाचा वऱ्हाड आणि नागपूरकर भोसल्यांचा मुलूख यांच्यामधली सीमा होती. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांनी घेतला, तो फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, पण इथल्या कापसावरही त्यांचा डोळा होताच. म्हणजे तुझ्या बाबांच्या पऱ्हाटीचा मँचेस्टरशी जुना संबंध आहे. आणि आपल्या वडकीवरून जाणारा 44 नंबरचा हायवे श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला टेकतो. आडगाव, आडगाव म्हणून किती रडशील?

आता शाळा. तुझ्या कॉलेजात कुणी कॉन्व्हेंटचं, कुणी सैनिकी शाळेचं नाव ऐटीत सांगतं, आणि तू "गावातलीच होती" म्हणून पुढे सरकतेस. आपल्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट होतं, ते काही मी झाकणार नाही. पण परिपाठ आठव. रोज सकाळी एकेका वर्गाची पाळी असायची: सुविचार, बातम्या, दिनविशेष, प्रश्नमंजूषा. सातवीतली तू, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, हातात वहीचा फाडलेला कागद, आणि समोर उन्हात अख्खी शाळा ओळीनं उभी. माईक कधी चालायचा, कधी नाही, मग मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं बोलावं लागायचं. त्या वयात तुझ्या कॉन्व्हेंटवाल्या मैत्रिणींपैकी कितीजणी तशा उभ्या राहिल्या असतील, विचारून बघ एकदा. शाळेबद्दल विचारलं तर हे सांग. शाळेच्या नावावर कुणी भाळत नसतं. तिनं तुला काय करायला लावलं, ते ऐकायला सगळ्यांना आवडतं.

सरावाचं म्हणशील, तर आरशासमोर बोलायचा सल्ला सगळे देतात. माझा त्यावर विश्वास नाही. आरशात माणूस केसच बघतो. त्यापेक्षा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. "बेसिकली" आणि "म्हणजे कसं की" किती वेळा आलं ते तुझं तुलाच कळेल. प्रत्येक उत्तर आधी मराठीत आईला सांगून बघ. आईला कळलं नाही तर तुला स्वतःलाच नीट कळलेलं नाही असं समज आणि मगच इंग्रजीकडे वळ. उत्तरं पाठ करू नकोस, मुद्दे तेवढे लक्षात ठेव. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच वाक्याला ओळखू येतं, कारण पोरं छताकडे बघायला लागतात. वऱ्हाडी हेलाची लाज नको. अडचण हेलाची नसतेच, घाईची असते. आपण सगळे एका श्वासात बोलतो. वाक्य संपलं की थांब.

आणि गावातले काका लोक सांगतात ना, "मुलाखतीत वशिला लागते, बाई, आपलं काम नोहे," त्यांना सांग की केंद्र सरकारच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांची मुलाखतच 1 जानेवारी 2016 पासून बंद झाली. बँकेत पीओ व्हायचं तर आयबीपीएसमध्ये मुख्य परीक्षेला 80 टक्के वजन असतं आणि मुलाखतीला 20. यूपीएससीतही एकूण 2025 गुणांपैकी मुलाखतीचे 275. म्हणजे बरंचसं काम लेखीतच होतं. पण यूपीएससीच्या त्या 275 साठी बोर्ड तुझा अर्ज समोर ठेवून बसतं, आणि त्यात जन्मगाव, शाळा, छंद सगळं लिहिलेलं असतं. तिथे राळेगाव लपवायची सोयच नाही. पुढेमागे तिकडे जायचं तुझ्या मनात आहे, तर सवय आत्तापासून लागू दे.

एक राहिलंच. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि ऐनवेळी उद्घाटनाला आपल्या जिल्ह्यातल्या वैशाली येडे उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर ओढणारी बाई, आणि समोर अख्खं साहित्यविश्व. त्या स्वतःचं जगणं साध्या शब्दांत बोलल्या, आणि त्या संमेलनातलं दुसरं कुठलं भाषण लोकांच्या इतकं लक्षात राहिलं असेल असं मला वाटत नाही. ते भाषण शोध आणि बघ. आवाज, थांबणं, नजर, सगळं बघ.

रविवारी संध्याकाळी मी फोन करते, मैत्रिणींना जरा बाहेर पाठव. पहिला प्रश्न कापसाचा असेल, तेव्हा यंदा घरचा माल कोणत्या भावानं गेला आणि ओलावा किती निघाला, ते बाबांना विचारून ठेव.