दिव्याची पारख

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• ट्यूबलाइट आणि एल.ई.डी. दिवा यांतील फरक सांगू शकाल;
• दिव्याच्या खर्चाचा हिशेब करू शकाल;
• कामानुसार योग्य दिव्याची निवड करू शकाल.

प्रस्तावना
नवा दिवा घ्यायचा झाला, की आपण प्रथम त्याची किंमत विचारतो. परंतु दुकानात दिलेले पैसे हा केवळ पहिला हप्ता असतो. उरलेला खर्च दरमहा विजेच्या बिलातून होत राहतो. म्हणून दिवा निवडताना दोन प्रश्न विचारावेत. तो रोज किती वेळ जळणार आहे? आणि त्याच्या उजेडात कोणते काम होणार आहे?

मूळ पाठ
ट्यूबलाइटच्या नळीत पाऱ्याची अल्प वाफ असते. वीज वाहू लागली, की या वाफेतून अदृश्य अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतील पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. एल.ई.डी. दिव्यात पारा नसतो. त्यातील अर्धवाहकाचा लहानसा कण निळा प्रकाश देतो आणि त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. असा निळा प्रकाश देणारा कण तयार करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, भारतात ‘उजाला’ योजना सुरू झाली. मोठ्या प्रमाणावर खरेदी झाल्याने एके काळी महाग असलेला हा दिवा सामान्य घरांच्या आवाक्यात आला.

आता हिशेब करू. जुन्या ४० वॅटच्या ट्यूबलाइटला चोकसह सुमारे ५० वॅट वीज लागते. जवळजवळ तेवढाच उजेड एल.ई.डी. पट्टी २० वॅटमध्ये देते. म्हणजे ३० वॅटची बचत झाली. स्वयंपाकघरातील दिवा रोज सहा तास जळत असेल, तर वर्षाला सुमारे ६६ युनिट वाचतील. एका युनिटला ७ रुपये धरले, तर ही बचत सुमारे ४६० रुपयांची होईल. नवी पट्टी २५० रुपयांना मिळाली असे समजू. तिची किंमत साडेसहा महिन्यांत वसूल होईल. हीच पट्टी रोज अर्धा तास उजेड लागणाऱ्या अडगळीच्या खोलीत लावली, तर ते पैसे वसूल व्हायला साडेसहा वर्षे लागतील! म्हणून घरातील सर्व दिवे एकदम बदलण्याची आवश्यकता नाही. जो दिवा सर्वांत जास्त वेळ जळतो, तो प्रथम बदलावा.

परंतु हिशेब येथेच संपत नाही. जयपूर हे शहर रत्नांना पैलू पाडण्याच्या कलेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील जोहरी बाजारात रत्नांचा व्यापार पूर्वापार चालत आला आहे. पाचूची हिरवी छटा पारखायची, तर जाणकार जोहरी तो खडा दिवसाच्या उजेडात पाहणे पसंत करतो. कारण दिव्याचा प्रकाश बदलला, की रंगही बदललेला भासतो. घरी शिवणकाम करणाऱ्या स्त्रीलाही हाच अनुभव येतो. रात्री जुळलेला वाटणारा दोरा सकाळी साडीच्या रंगाशी विसंगत दिसतो आणि टाके उसवावे लागतात. रंग किती खरे दिसतात, हे सांगणाऱ्या आकड्याला ‘सी.आर.आय.’ म्हणतात. तो जास्तीत जास्त १०० असतो. नेहमीच्या वापराला ८० पुरेसा आहे. रंगाच्या कामासाठी ९० किंवा त्याहून अधिक असलेला दिवा घ्यावा.

दिवा घेताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. वॅट हा विजेचा खर्च सांगतो, तर उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. तेव्हा पाकिटावरील दोन्ही आकडे वाचावेत. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह तपासावे. एल.ई.डी.ला उष्णता बाधते. जयपूर किंवा विदर्भासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. तेथे हा दिवा बंद काचेच्या गोळ्यात बसवू नये, अन्यथा तो लवकर निकामी होतो.

ट्यूबलाइट बाद झाली, तरी ती फोडून कचऱ्यात टाकू नये. ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. ती चुकून फुटलीच, तर खिडक्या उघडाव्यात, तुकडे जाड कागदाने गोळा करावेत व ओल्या कापडाने जागा पुसावी. केरसुणीने झाडू नये, कारण त्याने पारा पसरतो. पाऱ्याच्या या धोक्यामुळेच मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये असे ठरवले, की सामान्य वापराच्या अशा नळ्यांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवावे. भारतही या करारात सहभागी आहे.

रत्न घेताना आपण पारख करतो. रोज ज्याच्या उजेडात आपण वाचतो, शिवतो आणि रांधतो, त्या दिव्याचीही तशीच पारख करायला हवी.

शब्दार्थ
पारख – परीक्षा; जोहरी – रत्नांचा व्यापारी; विसंगत – न जुळणारा; निकामी – निरुपयोगी.

स्वाध्याय
१. अडगळीच्या खोलीतील दिवा प्रथम का बदलू नये?
२. जोहरी दिवसाच्या उजेडात रत्न का पाहतो?
३. तुमच्या घरातील प्रत्येक दिवा रोज किती तास जळतो, याची नोंद करा. कोणता दिवा प्रथम बदलावा, ते हिशेबासह लिहा.