प्रसाद, उपवास आणि लहान झालेले जठर

पंक्तीत बसलेला मनुष्य दोन घासांनंतर थांबला, तर त्याच्याविषयी आपल्याकडे दोनच तर्क निघतात. एक तर त्याची प्रकृती ठीक नाही, नाहीतर यजमानावर त्याचा रोष आहे. अलीकडे यात तिसऱ्या कारणाची भर पडली आहे व ते अद्याप पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. त्या मनुष्याचे जठरच शस्त्रक्रियेने लहान करण्यात आलेले असते. अशा माणसास आग्रह करणे म्हणजे त्याला इजा करणे होय. परंतु त्याला त्याच्या दोन घासांवर सोडून देणे हेही तितकेच घातक असते. हे आम्ही आमच्याच घरी पाहिले. त्या अनुभवावरून आणि त्यानंतर केलेल्या वाचनावरून हा लेख लिहीत आहोत.

अतिस्थूलतेचा विचार आपल्या वैद्यकाला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंदित अशा आठ प्रकारच्या शरीरांची गणना आहे. तीत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचाही समावेश असून त्या दोघांचा विचार विस्ताराने केला आहे. नवी आहे ती शस्त्रक्रिया. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यविशारदाने १९६६ साली वजन घटविण्यासाठी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया सुरू केली. आज ती दुर्बिणीच्या साह्याने, लहान छिद्रांतून केली जाते. आपल्या महाराष्ट्रातील नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, हे वृत्तपत्रांतून पुष्कळांनी वाचले असेल. आता मध्यम वर्गातील कुटुंबांतही, विशेषतः मधुमेह व स्थूलता एकत्र आली असता, डॉक्टर हा उपाय सुचवितात.

हिचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. एकात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात व उरलेल्याची केळ्यासारखी निमुळती नळी राहते. दुसऱ्यास बायपास म्हणतात. त्यात जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. अन्न मुख्य जठरात जातच नाही. चरकाचार्यांनी कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रवास व एक दोषांच्या संचारास मोकळा ठेवावा असे विमानस्थानात सांगितले आहे. दोन चमच्यांच्या पिशवीत असे तीन भाग करण्यास जागाच नसते. म्हणून घन व द्रव यांची वेळच निराळी करावी लागते. जेवताना पाणी प्यावयाचे नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावयाचे, तेही घोट घोट. शिवाय दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात जावे लागते ते वेगळेच.

आमच्या आत्याबाईंची बायपास शस्त्रक्रिया गेल्या वर्षी चैत्रात झाली. मधुमेह बराच आटोक्यात आला, वजन झपाट्याने उतरले, नातलगांनी कौतुक केले. ज्येष्ठ सरता सरता केस मूठमूठ गळू लागले. जिना चढताना मांड्या थरथरत. विचारले तर त्या म्हणत, "अरे, भूकच नाही. खाल्ले की छातीत दाटते." दिवसाचे अन्न म्हणजे चहा, चार चमचे मऊ भात व पाण्यासारखे वरण. तशातच आषाढी एकादशी आली. आत्याबाईंनी चाळीस वर्षांत एकादशी मोडलेली नव्हती. त्या दिवशी देवळात साबुदाण्याची खिचडी होती, आणि नको नको म्हणत असताना "प्रसाद आहे, नाही म्हणू नये" असे सांगून तिच्यावर गोड शिऱ्याची मूद आम्हीच वाढली. वीस मिनिटांत त्यांना दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली, पोटात पीळ पडला आणि सभामंडपाच्या खांबाला टेकून त्या खाली बसल्या.

त्या वेळी आम्हास वाटले की हा हृदयविकाराचा झटका. डॉक्टरांनी तपासून सांगितले की तसे काही नाही. बायपासनंतर गोड पदार्थ पिशवीतून एकदम लहान आतड्यात उतरतो, तेथे पाणी ओढून घेतो व त्यामुळे ही अवस्था होते. काही जणांना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून पुन्हा ग्लानी येते. मग त्यांनी आत्याबाईंच्या दिवसाच्या आहाराचा हिशेब मागितला. आम्ही तो सांगितला. त्यात प्रथिने वीस ग्रॅमही भरली नाहीत.

येथे प्रथिनांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपले स्नायू, त्वचा, केस, जखमा भरून काढणारे घटक, हे सारे प्रथिनांचे बनतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसास ती सुमारे ५० ग्रॅम होतात. शस्त्रक्रिया झालेल्यास मात्र सामान्यतः किमान ६० ग्रॅम, व पुष्कळदा ८० ग्रॅमपर्यंत सांगतात. खाणे थोडे आणि प्रथिने अधिक, हा विरोधाभास वाटेल. परंतु अन्न इतके कमी झाले की शरीर आपली साठवण जाळू लागते, व ती जाळताना चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते. काट्यावरचा आकडा उतरतो, पण काय उतरले हे काटा सांगत नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणे हे वजन वेगाने उतरण्याच्या धक्क्यानेही होते व बहुधा आपोआप थांबते. ते लांबले, पायांवर सूज आली किंवा अशक्तता वाढली, तर प्रथिने, लोह इत्यादींची उणीव आहे काय हे तपासावे लागते.

आपल्या शाकाहारी घरांतील अडचण मांसाहारी घराहून मोठी आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात व ते थोड्या जागेत मावते. ज्यांच्याकडे अंडे चालते त्यांनी ते अवश्य घ्यावे. आमच्या घरात ते येत नाही. डाळीत प्रथिने आहेत खरी, परंतु त्यांच्यासोबत पिष्ट येते, शिजताना पाणी येते आणि पिशवी पाण्यानेच भरून जाते. म्हणून पहिला नियम असा की पानातील प्रथिनांचा पदार्थ आधी खावा. भात, पोळी, भाजी यांस उरलेल्या जागेत स्थान द्यावे. आपल्या पानाची रीत याच्या उलट आहे. आपण वरण भातावर घालतो. येथे वरण घट्ट करून वाटीत घ्यावयाचे व भात चमचाभर, तोही नंतर.

बडोद्याच्या स्वयंपाकघरात यास लागणारे सारे आहे. बेसनात शेकडा २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. तीस ग्रॅम बेसनाचे मऊ पिठले केले तर सहा ग्रॅमच्या वर मिळतात आणि ते गिळण्यास सोपे जाते. घट्ट मुगाचे वरण तीस ग्रॅम डाळीचे केले तर सात ग्रॅम. पनीर ५० ग्रॅम, कुस्करून, किंचित जिरे घालून घेतले तर नऊ ग्रॅम. दूध शंभर मिलिलिटरला तीन ग्रॅमच्या किंचित वर. त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी १५ ग्रॅम मिसळली तर आणखी पाच ग्रॅम मिळतात व आकारमान वाढत नाही. ही युक्ती आम्हास फार उपयोगी पडली. दही फडक्यात टांगून चक्का करावा. श्रीखंडासाठी आपण तो करतोच. येथे फक्त साखर घालावयाची नाही. खमण व ढोकळा हे गुजराती शेजाऱ्यांचे पदार्थ वरची गोड फोडणी वगळून चालतात. आपल्या शहराच्या आवडत्या शेव-उसळीविषयी आत्याबाईंनी विचारले, तेव्हा डॉक्टर हसले. वाटाण्याची उसळ पुढे, अन्न नीट पचू लागल्यावर, चावून खावी. वरची शेव आणि पाव यांचा मोह सोडावा. येथील आमटीत गूळ सढळ हाताने पडतो, तोही आवरावा लागतो.

एवढे करूनही पहिल्या काही महिन्यांत साठ ग्रॅम भरत नाहीत. तेथे दुधाच्या निवळीपासून केलेल्या प्रथिनांच्या भुकटीस पर्याय नाही. तिच्या एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. ही पहिलवानांची वस्तू असे म्हणून आत्याबाईंनी ती महिनाभर दूर ठेवली होती. पनीर करताना जे पाणी उरते त्यातल्या प्रथिनांचेच ते कोरडे रूप आहे, हे सांगितल्यावर त्यांचे मन वळले. आमचा हिशेब असा बसला: सकाळी भुकटी घातलेले दीडशे मिलिलिटर दूध दहा ग्रॅम, दहा वाजता पनीर नऊ, दुपारी वरण व थोडे दही मिळून नऊ, चार वाजता प्रथिनांची भुकटी बावीस, सायंकाळी पिठले सहा, निजताना दूध पाच. बेरीज ६१. प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटे लागत. त्या कंटाळत, वैतागत, कधी वाटी तशीच सरकवून देत. भिंतीवर कागद लावून आम्ही खुणा करू लागलो, तेव्हा कोठे क्रम लागला.

पहिलवानांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. प्रा. माणिकराव व जुम्मादादा व्यायाममंदिर यांच्या या नगरीत कोणासही हे नवे नाही, की नुसत्या दुधाने दंड भरत नाहीत, बैठकाही माराव्या लागतात. खाल्लेली प्रथिने स्नायूत टिकावयाची तर स्नायूस काम हवे. डॉक्टरांच्या अनुमतीने आत्याबाई खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम करू लागल्या.

ब-१२ हे जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची औषधे शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर घ्यावी लागतात व लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये. वारंवार उलट्या होत असतील तर घरी थांबू नये, कारण ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जातंतूंस त्वरेने अपाय होतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने वरील प्रमाणे आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत.

आता उपवासाचा प्रश्न. आत्याबाईंना सर्वांत अधिक हाच छळत होता. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. बटाट्यात शंभर ग्रॅमला दीड-दोन. शेंगदाण्यात शेकडा २५ आहेत, पण निम्मे तेल. राजगिऱ्यात शेकडा १३-१४ आहेत, ते बरे. म्हणजे ज्यास आपण फराळ म्हणतो, त्याने त्यांची पिशवी पिष्टाने भरत होती व शरीर उपाशी राहत होते. आमचे वडील देवळात पूजा करतात. आत्याबाई त्यांच्यापुढे येऊन म्हणाल्या, "दादा, एकादशी सोडली तर मला पाप लागेल का, तेवढे सांग."

वडिलांनी धर्मशास्त्राचा आधार सांगितला. ज्यांनी व्रताचा भंग होत नाही अशा आठ गोष्टी परंपरेने मोजल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला धर्मसिंधु हा ग्रंथ घरोघरी प्रमाण मानतात. त्यातही असमर्थ व रोगी यांच्यासाठी सवलतींचा विचार आहेच. वडील म्हणाले, "तुझे दूध हे दूध आहे, ती भुकटी औषध आहे, आणि डॉक्टरांचा शब्द तुला गुरुवचन आहे. तीन तर झालीच." गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्यास जसा योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही, असा भाव आहे, तोही त्यांनी सांगितला. आत्याबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "पनीर?" वडिलांना हसू आले. दुधाचेच ते, असे म्हणून त्यांनी तेही मान्य केले.

कार्तिकी एकादशीस त्यांनी दूध, चक्का व पनीर यांवर व्रत केले व हरिपाठास उभ्या राहिल्या. केस अद्याप पूर्वीसारखे झालेले नाहीत, पण गळणे थांबले आहे.

प्रसादाविषयी आमचे मत असे की त्याचे मोल मुदीत नसते. तो कणभर जिभेवर ठेवून उरलेला घरच्यांस देता येतो, आणि जो असे करतो त्यास कारण विचारू नये. सर्वांसमक्ष आपली शस्त्रक्रिया सांगणे कोणासही, विशेषतः स्त्रियांस, संकोचाचे वाटते. गणेशविसर्जनाच्या दिवशी आपण वाटली डाळ करतो. तसा डाळीचा प्रसाद वर्षातून आणखी काही वेळा करण्यास हरकत नसावी. येत्या आषाढीस फराळाच्या पंक्तीत बिनसाखरेच्या दुधाचे एक पातेले व चक्क्याचे एक भांडे निराळे ठेवावे, असा अर्ज आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. चक्का आत्याबाई स्वतः टांगणार आहेत. दहा लिटर दुधाचे दही किती वेळ ठेवावे लागेल, याची चौकशी त्यांनी आतापासूनच सुरू केली आहे.