सुई आणि पुरावा

क्रॉसकंट्री स्पर्धा आठवड्यावर असताना माझी कंबर धरली. नाव कापले जाईल म्हणून मी गप्प होतो. आजी फोनवर म्हणाली, "अ‍ॅक्युपंक्चर कर, मला गुण आला."

मी विज्ञानाच्या सरांना विचारले. त्यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेला जर्मनीतील प्रयोग सांगितला. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण, तीन गट. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४८ टक्के रुग्णांना आराम पडला. भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांत ४४ टक्क्यांना. नेहमीच्या औषध-व्यायामाने २७ टक्क्यांना. म्हणजे आराम पडतो, पण नेमक्या बिंदूंचे श्रेय थोडेच.

"तुझे दुखणे ताजे आहे. हे आकडे तुझे नव्हेत," सर म्हणाले. मी एम.आय. रूममध्ये गेलो. स्पर्धा हुकली, कंबर वाचली. आता कोणी "गुण आला" म्हटले, की मी विचारतो : कशाच्या तुलनेत?