'स्टेशन' : एक शब्द, अनेक ठिकाणे

नांदेड-परभणीकडील माणसाला सिकंदराबाद म्हटले की प्रथम तेथील रेल्वे स्टेशन आठवते. परंतु या शहरात आगगाडी आली ती १८७४ साली. त्यापूर्वी कितीतरी वर्षे तेथे 'स्टेशन' होतेच, आणि ते होते फौजेचे. निजामाच्या राज्यातील इंग्रजांची तैनाती फौज जेथे राहत होती, त्या छावणीला १८०६ मध्ये निजाम सिकंदर जाह याचे नाव मिळाले. फौजेच्या कायम मुक्कामाच्या जागेस इंग्रजीत 'स्टेशन' म्हणतात व सैन्याच्या कागदपत्रांत हा अर्थ आजही रूढ आहे.

या अर्थभेदाची झळ सामान्य माणसास लागू शकते. समजा, एखाद्या दिवंगत जवानाच्या पत्नीस काही कागदपत्रांसाठी सिकंदराबादच्या 'स्टेशन हेडक्वार्टर'मध्ये येण्याविषयी पत्र आले. गाडीतून उतरून ती माउली स्टेशनमास्तरांची खोली शोधू लागली, तर तिचा दोष तो काय? तिला जावयाचे असते छावणीतील लष्करी कार्यालयात. गावातील ज्या शिक्षकाने वा ग्रामसेवकाने पत्र वाचून दाखविले, त्याने 'लष्कराचे स्थानिक मुख्यालय' एवढे सांगितले असते तरी तिची पायपीट वाचली असती.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'उभे राहणे' वा 'उभे राहण्याची जागा' असा आहे. संस्कृतातील 'स्था' हा धातू त्याच कुळातला, आणि 'स्थान' या शब्दापासूनच आपले 'ठाणे' झाले. तेव्हा 'पोलीस ठाणे' हे 'पोलीस स्टेशन'चे केवळ भाषांतर नसून ते दोघे दूरचे भाऊबंद होत. (ठाणे शहरातील पोलीस ठाण्याचा पत्ता लिहिताना मात्र थोडी गंमत होते.)

मराठीने या एका शब्दाची कामे अनेकांत वाटून दिली आहेत. रेल्वेचे ते स्थानक, पोलिसांचे ठाणे, मतदानाचे व आकाशवाणीचे केंद्र. आणि 'हिल स्टेशन' म्हणजे थंड हवेचे ठिकाण. शिक्षकाने वा तलाठ्याने 'स्टेशन सोडण्याची परवानगी' मागितली, तर ती मुख्यालय सोडण्याची परवानगी असते. तेथे आगगाडीचा संबंध नाही. बँकेतील 'आउटस्टेशन' धनादेश हा बाहेरगावचा धनादेश होय.

तथापि मराठी प्रतिशब्द वापरला म्हणजे घोटाळा संपलाच असे नाही. विजेच्या 'सबस्टेशन'ला आपण 'उपकेंद्र' म्हणतो आणि गावच्या छोट्या दवाखान्यासही आरोग्य उपकेंद्रच म्हणतो. 'उद्या सकाळी उपकेंद्रावर शिबिर आहे' अशी नुसती दवंडी दिली, तर बाळाला लस टोचून घेण्यास निघालेली आई कोठे जाईल? 'आरोग्य' अथवा 'वीज' हा एक शब्द आधी जोडण्यास कार्यालयांनी कंटाळा करू नये.

दोन अर्थ एकत्र येतात असेही एक ठिकाण आहे. रेल्वे स्थानकातील पोलीस ठाण्यास महाराष्ट्रात 'लोहमार्ग पोलीस ठाणे' असे नाव आहे. प्रवासात चोरी झाल्यास तक्रार तेथे द्यावी. मात्र गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. सिकंदराबादेहून परतताना सामान गेले आणि ते नांदेडला लक्षात आले, तर तक्रारीसाठी उलट प्रवास करण्याचे कारण नाही.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपात मध्ययुगात फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून पुस्तके विकणारा तो 'स्टेशनर', आणि त्याच्यावरून लेखनसामग्रीस 'स्टेशनरी' हे नाव पडले. 'स्थिर' या अर्थाचा इंग्रजी शब्दही देवनागरीत अगदी असाच लिहिला जातो; रोमन लिपीत मात्र त्यांच्यात एका अक्षराचा फरक आहे. लेखनसामग्रीच्या शब्दात शेवटून तिसरे अक्षर 'ई', तर स्थिर या अर्थाच्या शब्दात 'ए'. शुद्धलेखनात मुले चुकतात ती नेमकी येथेच.