स्पंज

पोस्टाच्या खिडकीपाशी पाण्याने भिजलेल्या स्पंजाची एक लहानशी वाटी ठेवलेली असे. तिकिटे ओली करण्यास ती उपयोगी पडे. नोटा मोजणारा बँकेतील कारकूनही आपली बोटे अशाच स्पंजावर टेकवी. शाळेतील मुलांच्या दप्तरात पाटी पुसण्यासाठी स्पंजाची डबी असे. तथापि या सर्व ठिकाणी दिसणारा स्पंज बहुधा रबराचा किंवा कारखान्यात बनविलेल्या अन्य पदार्थाचा असतो. ज्या वस्तूची ही नक्कल, ती मूळ वस्तू समुद्राच्या तळाशी वाढते आणि ती एके काळी सजीव असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आमचे देवळाली कॅम्प हे समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावरचे, तोफखान्याचे गाव. तोफखान्याच्या जुन्या परिभाषेतही हा शब्द आढळतो. तोंडाकडून दारू भरण्याच्या जुन्या तोफांत एक बार उडाल्यावर नळीत ठिणग्या शिल्लक राहत. लांब दांड्याच्या टोकाला बसविलेला ओला बोळा आत फिरवून त्या विझवाव्या लागत. तसे न करता दुसरा बार भरला, तर भरणाऱ्याच्याच जिवावर बेतावयाचे. या बोळ्याला इंग्रज गोलंदाज ‘स्पंज’च म्हणत, मग तो मेंढीच्या लोकरीचा का असेना! नाव समुद्रातून निघाले आणि तोफेच्या तोंडापर्यंत जाऊन पोहोचले.

स्पंज ही वनस्पती की प्राणी, हा प्रश्न विद्वानांना दीर्घकाळ पडला होता. तो एका जागी खिळलेला असतो. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतूही नाहीत. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याच्या ग्रंथात मात्र असा उल्लेख आहे, की त्याला उपटू पाहिल्यास तो अंग आखडून घेतो. या कोड्याचा उलगडा होऊ लागला तो 1825 च्या सुमारास. एडिंबरो येथील रॉबर्ट ग्रँट या शास्त्रज्ञाने जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार सारखी बाहेर पडत होती व तिच्याबरोबर बारीक कण फेकले जात होते. डार्विन विद्यार्थी असताना काही काळ याच ग्रँटच्या सहवासात होता.

हे पाणी आत येते कोठून? स्पंजाच्या अंगावर असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. म्हणूनच या प्राण्यांच्या गटास ‘रंध्रीय संघ’ असे नाव मिळाले. आतील पोकळ्यांत विशिष्ट पेशी असतात. प्रत्येक पेशीला एक चाबकासारखा तंतू व त्याभोवती गळपट्टीसारखी झालर असते. तंतू हलले, की पाणी आत ओढले जाते; त्यातील जिवाणू व अन्नकण झालरीत अडकतात, आणि गाळलेले पाणी वरच्या मोठ्या तोंडाने बाहेर पडते. दहा सेंटिमीटर उंचीचा व एक सेंटिमीटर जाडीचा एखादा स्पंज दिवसभरात सुमारे 22 लिटर पाणी गाळतो. घागर भरून वाहील एवढे हे पाणी! हृदय नसलेल्या प्राण्याने केवळ तंतूंच्या हालचालीवर एवढे काम करावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्याहूनही विलक्षण एक प्रयोग 1907 मध्ये विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला. त्याने जिवंत स्पंज तलम रेशमी वस्त्रातून पिळून त्याच्या पेशी सुट्या सुट्या केल्या. पाण्याच्या तळाशी पसरलेल्या त्या पेशी हळूहळू एकमेकींकडे सरकल्या, त्यांचे पुंजके झाले आणि त्यांतून पुन्हा स्पंज तयार झाले.

स्पंजाच्या अंगाला आकार देणारा सांगाडा कोणाचा चुन्याच्या सुयांचा असतो, कोणाचा काचेसारख्या सिलिकेच्या सुयांचा. स्नानाचा स्पंज मात्र स्पाँजिन नावाच्या लवचीक धाग्यांचा बनलेला असतो. म्हणूनच तो मऊ असतो व पुष्कळ पाणी शोषून घेतो. भूमध्य समुद्र आणि अमेरिकेतील फ्लॉरिडाचा किनारा हे अशा स्पंजांचे प्रसिद्ध प्रदेश. पाण्यातून काढला तेव्हा तो काळसर, बुळबुळीत व दुर्गंधी असतो. तो कुजवून, तुडवून, वारंवार धुतला म्हणजे केवळ पिवळसर सांगाडा उरतो. आपण विकत घेतो तो हा सांगाडा.

तो मिळविण्यासाठी माणसांनी दिलेली किंमत मोठी आहे. ग्रीसमधील कालिम्नोस व सिमी या बेटांवरचे पाणबुडे पूर्वी हातात जड सपाट दगड धरून, एका श्वासात तळ गाठीत. 1860 नंतर तेथे हवेची नळी जोडलेला पोशाख आला. आता तासन् तास तळाशी राहता येऊ लागले आणि तेथेच घात झाला. खोल पाण्याच्या दाबाने हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. पाणबुड्या झपाट्याने वर आला, की त्याचे बुडबुडे होतात, जसे सोड्याची बाटली उघडताच फेस उसळतो. कित्येक तरुण मरण पावले, कित्येक जन्माचे पांगळे झाले. टप्प्याटप्प्याने वर येण्याचे शास्त्रशुद्ध कोष्टक इंग्लंडमध्ये हॉल्डेन याने 1908 मध्ये प्रसिद्ध केले. तोवर कित्येक घरांतील कर्ते पुरुष हरपले होते.

पुढे कृत्रिम स्पंज आले व हा व्यापार पुष्कळ ओसरला. परंतु स्पंजाचे महत्त्व सरले नाही. 1950 च्या सुमारास बर्गमन या रसायनशास्त्रज्ञास फ्लॉरिडाकडील एका स्पंजात काही अपरिचित द्रव्ये सापडली. त्यांच्या रचनेवरून स्फूर्ती घेऊन प्रयोगशाळेत सायटॅराबिन हे औषध तयार झाले. 1969 पासून अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगावर ते अधिकृतपणे वापरात आहे, आणि आपल्याकडील रुग्णालयांतही ते दिले जाते.

समुद्र दूर म्हणून आपण हळहळण्याचे कारण नाही. स्पंजाच्या काही जाती गोड्या पाण्यातही राहतात, आणि त्यांचा अभ्यास ज्या ठिकाणी बारकाईने झाला, त्यांत मुंबईच्या तळ्यांचा मान मोठा आहे. मुंबईत वैद्यकीय सेवेत असलेल्या हेन्री कार्टर यांनी या तळ्यांतील स्पंजांचे वर्णन 1849 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ते या विषयातील जगन्मान्य अधिकारी ठरले. पुणे परिसरातील गोड्या पाण्याच्या पाच जातींची नोंदही 2013 मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

आपल्याकडील तळी उन्हाळ्यात आटतात. मग हा पाण्यातला जीव जगतो कसा? पाणी ओसरण्यापूर्वी स्पंजाच्या अंगात बारीक खसखशीसारखे टणक गोल कण तयार होतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘जेम्यूल’ म्हणतात. कवचाच्या आत जिवंत पेशी सुप्त असतात. बाकीचा स्पंज वाळून मरतो, कण मात्र तापलेल्या दगडाला चिकटून उन्हाळा काढतात आणि पाणी आले, की त्यांतून पेशी बाहेर पडून नवा स्पंज उभा करतात.

वैशाखात एखाद्या तळ्याचे पाणी खाली गेले असता मोठ्या दगडांच्या बाजू न्याहाळून पाहा. राखी रंगाची, सच्छिद्र, चुरा होणारी खपली दिसल्यास तीत हे कण आहेत का, ते भिंगाने शोधावे. खपली हाताने चुरगाळू मात्र नये. तीतील काचेच्या सुया डोळ्यांत गेल्यास इजा होते.