हत्तीभोवतीची पांढरी कड

संगणकावरील खेळ तुम्ही पाहिले असतील, कदाचित खेळलाही असाल. अशा खेळांतील माणसे, घोडे, झाडे ही पुष्कळदा लहान, सपाट चित्रे असतात. त्यांना स्प्राइट म्हणतात. तयार खेळातील चित्रे बदलून त्याला नवे रूप देणारे हौशी कलावंतही असतात. त्यांनी केलेल्या बदलाला मॉड असे नाव आहे.

समजा, जबलपूरच्या एका तरुणाला एका जुन्या युद्धखेळात आपल्या भागातील राणी आणायची आहे. गोंडवनाची राणी दुर्गावती १५६४ साली जबलपूरजवळ, नरई नाल्यापाशी, अकबराचा सरदार आसफखान याच्या सैन्याशी झुंजली आणि त्याच युद्धात तिने प्राण वेचले. तिच्या हत्तीचे नाव सरमन होते, असे सांगतात. हा तरुण पांढऱ्या कागदावर सरमन रेखाटतो, स्कॅन करतो, मागचा कागद संगणकावर पुसून टाकतो आणि चित्र आठपट लहान करतो. पांढऱ्या पडद्यावर हत्ती सुरेख दिसतो. पण खेळातल्या रात्रीच्या रानात उभा करताच त्याच्याभोवती खडूने आखल्यासारखी कड उमटते. हत्ती आठ दिशांना वळतो आणि प्रत्येक दिशेला चालीची दहा चित्रे लागतात. म्हणजे एकूण ८० चित्रे झाली. प्रत्येकाची कड हाताने खोडायची, तर राणी रणांगणावर पोहोचायला महिना लागेल! शिवाय चित्राचा आकार पुन्हा बदलला, की कड पुन्हा हजर.

ही कड येते कोठून? चित्र हे पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा या रंगांचे तीन अंक असतात आणि चौथा अंक अपारदर्शकतेचा असतो. या चौथ्या अंकाला अल्फा म्हणतात. आपण कागद ‘पुसतो’ तेव्हा बहुधा केवळ अल्फा शून्य होतो. पांढऱ्या रंगाचे अंक ठिपक्यात तसेच दडून राहतात. डोळ्यांना तो रंग दिसत नाही, पण संगणकाच्या हिशेबातून तो गेलेला नसतो.

चित्र लहान करताना संगणक शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. सोयीसाठी एकच अंक घेऊ. हत्तीचा करडा रंग ५५, दडलेला पांढरा २५५. दोन्हींची सरासरी १५५ आणि अल्फा निम्मा. आता मागे अंधाराचा २५ हा रंग ठेवा. निम्मा १५५ आणि निम्मा २५ मिळून ९० होतात. वास्तविक तेथे निम्मा हत्ती आणि निम्मा अंधार, म्हणजे ५५ व २५ यांची सरासरी ४० यायला हवी होती. ४० च्या जागी आलेले हे ९० म्हणजेच आपली पांढरी कड. पांढऱ्या पडद्यावर ती पांढऱ्यातच मिसळून जाते, म्हणून तरुणाला आधी दिसली नाही.

उपाय असा, की सरासरीपूर्वी प्रत्येक रंगाला त्याच्या अल्फाने गुणावे. पूर्ण अपारदर्शक हत्तीचे ५५ कायम राहतात. अदृश्य पांढऱ्याचे शून्य होते. सरासरी साडेसत्तावीस. तीत अंधाराचा निम्मा वाटा, साडेबारा, मिळवला की बरोबर ४०! थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली चित्रे एकमेकांवर बसवण्याचे जे गणित मांडले, त्याचा पाया हाच गुणाकार आहे. मात्र पीएनजी या प्रचलित चित्रप्रकारात रंग न गुणताच साठवले जातात, त्यामुळे गुणाकाराची काळजी चित्र लहान करणाऱ्या साधनाने घ्यावी लागते.

तरीही काम संपत नाही, कारण पुष्कळ खेळ चालू असताना स्वतःही चित्रे लहानमोठी करतात. यासाठी हत्तीच्या कडेचा करडा रंग बाहेरच्या अदृश्य ठिपक्यांत थोडा पसरवून ठेवावा. मग सरासरीत मिसळायला पांढरा उरतच नाही. जतन करताना अदृश्य ठिपक्यांचे रंग राखण्याचा पर्याय निवडायला विसरू नये, नाहीतर केलेले श्रम वाया जातात.

आपल्या तरुणाची अडचण मात्र दुहेरी आहे. स्कॅन करतानाच रेघेच्या कडेला शाई आणि कागद एकाच ठिपक्यात मिसळलेले असतात. तो पांढरा दडलेला नाही, दृश्यच आहे. त्याला गुणाकार काय करणार? येथे निवड एका ठिपक्याने आत घ्यावी, किंवा गिंपसारख्या मोफत साधनातील रंगाचे अल्फात रूपांतर करणारी सोय वापरावी. मात्र ती फक्त कडेपुरतीच लावावी, अन्यथा हत्तीचे दातही पारदर्शक होतील.

जुन्या खेळांत चौथा अंकच नसे. एखादा भडक रंग, बहुधा जांभळट गुलाबी, ‘हा दाखवू नये’ म्हणून ठरवलेला असे. तेथे सरासरीने गुलाबी कड येते. अशा वेळी सरासरी न काढता जवळचा ठिपका जसाच्या तसा उचलण्याची पद्धत वापरावी. कड थोडी दातेरी होते, पण रंग शुद्ध राहतो.

स्वाध्याय

१. मागचा रंग २५ ऐवजी २५५ धरून वरील दोन्ही हिशेब पुन्हा करा. आलेली कड डोळ्यांना का खटकत नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. पांढऱ्या कागदावरील एखादे चित्र कापून आधी पांढऱ्या व मग काळ्या कागदावर ठेवा. काय फरक दिसतो, ते नोंदवा.