खेळाडूचा श्वास आणि दिल्लीची हवा

३ डिसेंबर २०१७ रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारत व श्रीलंका यांचा कसोटी सामना चालू होता. हवा धुरकट होती. उपाहारानंतर श्रीलंकेचे अनेक खेळाडू नाकातोंडावर पट्टी बांधून उतरले; लकमल व गमगे हे गोलंदाज तर मैदान सोडून गेले. प्रेक्षकही तीच हवा घेत होते. मग खेळाडूंसच तिचा त्रास अधिक का व्हावा?

विश्रांती घेणारा प्रौढ मनुष्य दर मिनिटास सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. तीव्र श्रमाच्या वेळी स्नायूंना प्राणवायू अधिक लागतो, व कसलेल्या खेळाडूंत हे प्रमाण १०० लिटरांवर जाऊ शकते. त्यातच तोंडाने श्वास सुरू झाला, म्हणजे नाकाची नैसर्गिक गाळणी टळते. २.५ मायक्रॉनांहून बारीक कण तर वायुकोशांपर्यंत पोहोचून दाह उत्पन्न करतात.

पहाटेचा व्यायाम सर्वांत आरोग्यदायी, अशी समजूत आहे. परंतु दिल्लीच्या हिवाळ्यात थंड, निश्चल हवा रात्रभर धूर जमिनीलगत कोंडून ठेवते. ऊन तापल्यावर तो बहुधा वर जाऊन विरळ होतो. म्हणून सरावाची वेळ ठरविताना त्या दिवसाचे प्रदूषणाचे मापही पाहणे, हा खेळाडूंच्या, तसाच शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या मुलांच्याही, आरोग्यरक्षणाचा भाग होय.